ताईचे राखाडी बूट

माझी ताई कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात दर्शनी काच सजवायची. सव्वीस वर्षं तिनं हे एकच काम केलं. दर दुसऱ्या सोमवारी काचेला आतून पांढरा कागद लावायचा, पुतळ्यांच्या अंगावरचे जुने कपडे उतरवायचे, त्यांचे हात खांद्यातून फिरवून काढायचे, बाही चढवून परत बसवायचे आणि पाठीमागून टाचण्या मारून कपडा असा ओढून घ्यायचा की तो त्याच बाईसाठी शिवला असं वाटावं. त्या पुतळ्यांना ती "माझ्या बायका" म्हणायची. "आज माझ्या बायकांना थंडीचे कोट घालायचेत, यायला उशीर होईल," असा फोन ती घरी करायची, आणि नवीन माणसानं ऐकलं तर तो बुचकळ्यातच पडायचा.

काम संपलं की कागद काढायचा. मग ती रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायची आणि दहा मिनिटं आपलंच काम परक्या नजरेनं बघायची. कुठे पदराची चुणी वाकडी दिसली, कुठे टोपी जरा जास्त कललेली वाटली, की पुन्हा आत. जाणारे-येणारे काच बघायचे आणि बऱ्याचदा तिलाही बघायचे. कारण ताई स्वतःही तशीच नीटनेटकी असायची. केस बांधलेले, ओढणीला इस्त्री, आणि पायात कायम काहीतरी डौलदार. टाचेचे सँडल, टोकदार बूट, बारीक पट्ट्यांच्या चपला. पाय तर तिचे भयंकर दुखायचे. संध्याकाळी घरी आली की गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची. मी काही बोलायला गेले की म्हणायची, "दुखतात ते मला. दिसतात ते सगळ्यांना."

भाऊजी शहर बसचे ड्रायव्हर. त्यांची बस रोज त्या दुकानासमोरच्या सिग्नलला थांबायची. एकदा काचेवरचा कागद अर्धाच लावलेला होता, आणि आत ताई ओठांत चार टाचण्या धरून एका उलट्या पुतळ्याला पँट चढवायची झटापट करत होती. भाऊजी उंच सीटवरून बघून खदाखदा हसले. तिनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी बस सिग्नलला आली तेव्हा काचेतल्या एका सुटाबुटातल्या पुतळ्याच्या गळ्यात पाटी होती: "पुढे बघा." भाऊजी ती पाटी वाचत बसले, सिग्नल हिरवा झाला, आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. वर्षभरात त्यांचं लग्न झालं. ते तिला राणीसरकार म्हणायचे. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणून मला दोघंही धाकटी म्हणायचे. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे मी त्यांच्याच घरात वाढले, त्यांच्याच घरातून शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागले. त्यांना मूल झालं नाही. त्याचं जे काय दुःख करायचं ते दोघांनी केलं आणि आवरून ठेवलं. पुढे मी दोन गल्ल्या सोडून खोली घेतली, पण संध्याकाळचं जेवण त्यांच्याकडेच.

ताई शेहेचाळीस वर्षांची होती तेव्हा एका सोमवारी ती काचेतल्या फळीवर अडखळली आणि तीन पुतळे घेऊन आडवी झाली. एका पुतळ्याचा हात उडून टेलरमास्तरांच्या मशीनवर पडला. हे मास्तर दुकानात कपडे लहान-मोठे करून द्यायचे, ताईच्या आधीपासून तिथे होते. त्यांनी तो हात हातात घेऊन विचारलं, "बाई, हा कुणाचा?" आणि सगळ्या दुकानाची हसून मुरकुंडी वळली. घरी येऊन ताईनं तो प्रसंग आम्हाला साभिनय करून दाखवला. आम्हीही पोट धरून हसलो.

मग एकदा जिन्यात तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटून पडली आणि ते तिला दोन मजले चढून आल्यावर कळलं. त्या दिवशी ती हसली नाही.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शेवटी नसांच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की हा आजार बरा होणारा नाही. आधी पाय, मग हात, मग बाकीचं. किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही. भाऊजींनी तीन वेळा तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आणि डॉक्टरांनी तीन वेळा तेच उत्तर दिलं. ताईनं एकच विचारलं, "मला उभं राहून काम करता येईल ना?"

"जितके दिवस जमेल तितके दिवस अवश्य करा," डॉक्टर म्हणाले. "पण पडू नका. एकदा पडलात तरी महागात पडेल. या टाचेच्या चपला आता बंद. घोट्याला धरून ठेवतील असे बूट घ्या."

त्याच आठवड्यात भाऊजींनी सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं बुटांच्या दुकानात गेलो.

दुकानातली विक्रेती पन्नाशीची बाई होती, गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेला. आम्ही नंबर सांगितला तरी तिनं ताईला पट्टीवर उभं करून दोन्ही पायांचं माप घेतलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घोट्याखालीच संपणारे बूट तुमचा घोटा धरणार नाहीत. अगदी उंच घेतलेत तर पाय वाकवताना अडेल, जिना चढताना त्रास होईल. तुम्हाला मधले हवेत, मिड-टॉप. घोट्याच्या हाडावर येऊन थांबतात." मग तिनं ओळीनं खोकी उघडली. त्यातले बरेचसे ताईनं नुसत्या मानेनंच परत पाठवले. शेवटी दोन जोड उरले.

एक विटकरी रंगाचा. मऊ, लवदार चामड्याचा, अरुंद, निमुळत्या नाकाचा. बारीक तळवा, त्याला सायीच्या रंगाची कड, आणि त्याच रंगाची जाडसर नाडी. दुसरा राखाडी. रुंद, जाड तळव्याचा, आतून गुबगुबीत, बाजूला चेन, वरून चिकटपट्टी. त्याचं नाक पुढून वर उचललेलं होतं, म्हणजे चालताना बोटं जमिनीला अडकू नयेत.

ताईनं आधी विटकरी घातले. दुकानात जमिनीलगत एक बुटका आरसा होता, त्यात माणसाचे फक्त पाय दिसायचे. ती त्या आरशापुढे उभी राहिली. पाय थोडा तिरका केला, टाच उचलली, दुसरा पाय पुढे घेतला. तपासण्या सुरू झाल्यापासून तिच्या चेहऱ्यावर जे नव्हतं, ते तेव्हा मला दिसलं. स्वतःचं काम बघताना ती समोरच्या फुटपाथवरून जशी बघायची तशी ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"चालून बघा," विक्रेती म्हणाली.

ताई चालली. चौथ्या पावलाला डाव्या बुटाचं नाक गालिच्यात अडकलं आणि ती झुकली. भाऊजींनी पुढे होऊन दंड धरला.

"करंगळी दाबते का?" विक्रेतीनं वाकून अंगठ्यानं बूट चाचपला.

"थोडीशी."

"घोट्याला कड लागते?"

"लागते. सवय होईल."

"आता ते दुसरे घालून बघ," भाऊजी म्हणाले.

ताईनं राखाडी घातले. चेन ओढली, पट्टी लावली. ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि आली. एकदाही अडखळली नाही. हे आम्ही तिघांनीही पाहिलं, तिनंही पाहिलं. मग ती आरशापुढे आली आणि तिचा चेहरा पडला.

"अहो, याला मागून नंबरप्लेट लावून घ्या," ती म्हणाली. "आणि पुढे दोन दिवे."

विक्रेती हसली. मीही हसले. भाऊजी नाही हसले.

"अगं, मऊ किती आहेत बघ ना."

"गाद्यासुद्धा मऊ असतात. पायात घालून हिंडू का?"

"पाय सुखात राहतील."

"मी कधी मागितलं होतं हो पायांसाठी सुख?" ती अजून चेष्टेतच बोलत होती, पण आवाज बदलत चालला होता. "हे पेशंटचे बूट आहेत. रस्त्यातला माणूस आधी बूट बघेल, मग माझ्याकडे बघेल आणि मग नजर चुकवेल. ते विटकरी घालून मी काचेसमोर उभी राहू शकते. हे घालून नाही."

"दोन्ही घेऊन जा की," विक्रेती समजुतीनं म्हणाली. "बाहेर राखाडी, घरातल्या घरात विटकरी. मनाला बरं वाटेल."

भाऊजींनी लगेच मान हलवली. "दोन्ही घेतले तर ही तेच घालून जाणार. मी ओळखतो हिला."

मग ते तिच्यासमोर त्या बुटक्या स्टुलावर बसले, गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायला विक्रेते बसतात त्या. म्हणाले, "गेल्या महिन्यात तू जिन्यात घसरलीस आणि शेजारणीनं मला फोन केला, तेव्हा मी पुलावर होतो. मागे पन्नास माणसं. गाडी थांबवता येईना, सोडून पळता येईना. डेपोत पोचेपर्यंत तू जिवंत आहेस की नाही हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी मागून ओरडलं, 'अहो ड्रायव्हर, आमचा स्टॉप गेला की!' मी दोन स्टॉप तसेच सोडून आलो होतो. राणीसरकार, मला पुन्हा तसं चालवायला लावू नकोस."

भाऊजी माझ्याकडे वळले. "धाकटे, तू सांग."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी तिचीच बाजू घेत आले होते. घरात कुठलाही वाद असो, पडद्यांचा रंग असो की माझी नोकरी, आम्ही दोघी एकीकडे आणि भाऊजी एकटे. तेव्हाही तिनं माझ्याकडे त्याच खात्रीनं पाहिलं.

मी म्हणाले, "ताई, राखाडी घे. पडलीस तर काय करायचं आम्ही?"

ती विक्रेतीला म्हणाली, "बांधा. नाहीतर नको, घालूनच जाते."

भाऊजींचा जीव भांड्यात पडला. बसमध्ये ते एकटेच बोलत होते, बूट किती हलके आहेत, चेन किती सोयीची आहे. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, दोन दिवस धुसफुसेल आणि मग विसरेल. ती कधी कुणाचं ऐकून घ्यायची नाही. हट्टाला पेटली की आकाशपाताळ एक करायची. त्या दिवशी तिनं मुकाट्यानं ऐकलं याचा मला आनंदच झाला होता.

बूट चांगले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. पाच महिने ताई एकदाही पडली नाही. डॉक्टरांनी बुटांची तारीफ केली, पुढे पायाला आधाराची पट्टी लावली तीही त्यात बसली. भाऊजी येईल त्याला ते बूट दाखवायचे. आम्ही निवडलं ते अगदी बरोबर निवडलं, असं मी मनाशी म्हणायचे.

मग एक दिवस टेलरमास्तर शाळेत आले. त्यांच्या नातीच्या दाखल्याचं काम होतं. ते झाल्यावर टेबलापाशी घुटमळले. म्हणाले, "तुम्हाला सांगावं की नाही कळत नाही. बाई आता काचेसमोर येत नाहीत."

"म्हणजे? कामावर तर रोज जाते."

"येतात. मागच्या दारानं, माल उतरवतात तिथून. कागद लावलेला असतो तोवर आत उभ्या राहून मदतीला ठेवलेल्या नव्या मुलीला सगळं सांगतात, हात इकडे, कॉलर तिकडे. कागद काढायची वेळ झाली की निघून जातात. समोर जाऊन बघत नाहीत. मी म्हटलं, बाई, एकदा बघून तरी या. तर म्हणाल्या, मास्तर, माझा अवतार बघून गिऱ्हाईक पळेल." मास्तरांनी दाखला घडी करून खिशात ठेवला. "पाय चांगले चालतायत हो त्यांचे. मी बघतो ना."

त्या संध्याकाळी मी हे भाऊजींना सांगितलं नाही. ताईलाही विचारलं नाही. महिन्याभरानं तिनं स्वतःहूनच नोकरी सोडली. डॉक्टर म्हणत होते की अजून सहा-आठ महिने ती काम करू शकेल, दुकानाचे मालकही थांब म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. निरोप द्यायला दुकानातले सगळे जमले तेव्हा ती म्हणे पूर्ण वेळ टेबलाच्या मागे बसून राहिली.

तिनं बाहेर जाणंच बंद केलं. कुणाचा वाढदिवस, कुणाचं लग्न, मी बोलावायला गेले की तिचं डोकं दुखत असायचं. खोलीतल्या खोलीत ते राखाडी बूट घालून ती स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत चालायची, अगदी व्यवस्थित. भाऊजी बघून समाधानानं म्हणायचे, "छान चालतेस." ती म्हणायची, "हो ना."

एका रविवारी दुपारी भाऊजी बाजारात गेले होते. मी तिचे केस विंचरत होते. तिचे हात तोवर वर जाईनासे झाले होते. माझ्याकडे पाठ होती म्हणून असेल, ती मोकळेपणानं बोलली.

"धाकटे, त्या विटकरी बुटांत मी नक्की पडले असते."

"म्हणून तर..."

"ऐक ना. पडले असते. कदाचित हाडही मोडलं असतं. पण पडेपर्यंत दोन-तीन महिने तरी मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले असते. तेवढंच मला हवं होतं. जास्त नव्हतं."

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. चेष्टेत बोलले, खरंही बोलले. मग यांनी पुलाची ती गोष्ट सांगितली. त्याच्यापुढे माझे बूट काय? नवऱ्याचा जीव एका पारड्यात आणि दुसऱ्यात बुटाचा रंग. कोण घेईल विटकरी? तू घेशील असं वाटलं होतं."

कंगवा माझ्या हातातच राहिला. मला माफी मागता आली नाही. तिनंही मागायला लावली नाही. "वेणी सैल घाल हां, टोचते," एवढंच म्हणाली.

हे मात्र मी भाऊजींना सांगितलं. सांगायला नको होतं असं आजही वाटतं आणि सांगायलाच हवं होतं असंही वाटतं. ते बराच वेळ सिंकपाशी पाठमोरे उभे राहिले आणि एकच कप विसळत राहिले.

त्यानंतर आजारानं वेग घेतला. चाकाची खुर्ची आली. ताईचं बोलणं जड झालं, शब्द एकमेकांत गुंतायला लागले, पण आम्हाला दोघांना सगळं कळायचं. चालणं संपलं तसे राखाडी बूटही संपले. ते दाराशी तसेच राहिले, कारण ते उचलायचं कुणाच्या मनात येईना.

आणि मग भाऊजींनी जे केलं ते मला आधी सांगितलं असतं, तर मी त्यांना थांबवलं असतं. किंवा निदान सावध केलं असतं. एका सकाळी ड्यूटी संपवून ते थेट त्या बुटांच्या दुकानात गेले. ते विटकरी बूट तिथे नव्हते, संपले होते. त्या विक्रेतीनं दुसऱ्या तीन ठिकाणी फोन केले आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात तोच जोड, ताईच्याच मापाचा, शोधून दिला. भाऊजी दोन बस बदलून तिथे गेले. मी दुपारी डबा घेऊन पोचले तेव्हा ते खोकं मांडीवर घेऊन ताईसमोर जमिनीवर बसले होते. लग्नात होते त्याहून जास्त घाबरलेले.

"राणीसरकार," ते म्हणाले, "आता चालायचं नाही, अडखळायचं नाही. आता फक्त दिसायचं. मी तुला खुर्चीतून त्या फुटपाथवर घेऊन जातो. आजच. नवीन काच लागलीय, मी सिग्नलवरून पाहिली."

ताईनं खोक्यात पाहिलं. तिच्या तोंडून हसण्यासारखा आवाज आला. मला तर तिनं बूट पाहताच टाच उचलल्याचा भास झाला, पण टाच उचलण्याचे दिवस कधीच सरले होते.

भाऊजींनी डाव्या बुटाची नाडी सैल केली, नाडीखालची जीभ बाहेर ओढली आणि तिचा पाय हातात घेतला.

तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. रोज तोच पाय आम्ही पुसत होतो, मोजे घालत होतो, पण बुटाशेजारी धरेपर्यंत दिसलं नव्हतं. बसून बसून तिचे पाय सुजले होते. पाऊल उशीसारखं झालं होतं. बोटं आत गेली आणि पाऊल अडलं. भाऊजींनी नाडी भोकांतून पूर्ण काढून टाकली. बूट दोन्ही हातांनी फाकवला. पुन्हा प्रयत्न केला. मी पुढे होऊन टाच धरली. कातडीवर लाल वळ उठला.

"थांबा," मी म्हणाले. "तिला लागतंय."

"नाही लागत," ताई म्हणाली. "करा."

आणखी एकदा केलं. गेलं नाही.

भाऊजी बूट हातात धरून बसले. म्हणाले, "मी एक नंबर मोठा घेऊन येतो. आत्ता जातो."

आणि ताई रडायला लागली. डॉक्टरांसमोर रडली नव्हती, नोकरी सोडताना नाही, खुर्ची आली तेव्हाही नाही. तिचं रडणंही त्या आजारानं बिघडवलं होतं, श्वास मध्येच अडकायचा आणि मोठा आवाज व्हायचा. त्या आवाजातून शब्द आले ते मात्र स्पष्ट आले.

"तेव्हा का नाही घेतले?"

भाऊजी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसून राहिले. तिला हात उचलून त्यांच्या केसांवर ठेवायचा होता की नाही, देव जाणे. हात उचलवतच नव्हता. मी डबा तसाच ठेवून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

दोन दिवस त्या घरात कामापुरतं बोलणं झालं. पाणी, उशी, गोळी. तिसऱ्या दिवशी मी सकाळी गेले तेव्हा भाऊजी तिला भरवत होते आणि ती काहीतरी सांगत होती. मी दारातच थांबले.

"तुमचं बरोबरच होतं," ती म्हणत होती. एकेक शब्द वेचून काढल्यासारखा. "तेच तर. तुम्ही चुकला असतात, तर मला भांडता आलं असतं."

"भांड ना मग," भाऊजी म्हणाले. "आता भांड. मी कुठे जातोय?"

"दमले," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मीठ कमी आहे."

त्यांनी मीठ आणलं.

त्यानंतर ती अकरा आठवडे होती. त्यातले बहुतेक दिवस बरे गेले, असं म्हणावं लागेल. टेलरमास्तर येऊन बसायचे, दुकानातल्या गमती सांगायचे. ती नवी मुलगी एकदा आली आणि काचेचा फोटो दाखवून घाबरत म्हणाली, "बाई, कसं झालंय?" ताईनं बराच वेळ बघितलं आणि डोळ्यांनी डावीकडच्या पुतळ्याकडे खूण केली. मुलीला कळलं. "कॉलर?" ताईनं पापण्या मिटल्या. मुलगी जाताना रडली. एकदा भाऊजींनी बाहेर जायचं काढलं, पण ताईनं नको म्हटलं आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

एका दुपारी तिला श्वास घेता येईना. छातीत कफ भरला होता. दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला, मी तिचे ओठ ओल्या कापसानं पुसत असताना, ती गेली. भाऊजी खाली औषध आणायला गेले होते. ते वर आले तेव्हा पिशवी हातात तशीच होती आणि त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी खाटेजवळची खुर्ची सरळ केली.

राखाडी बूट मी पुढे फिजिओथेरपीच्या केंद्रात देऊन आले. तिथल्या बाईंनी उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, "उत्तम बूट आहेत. कुणाच्या तरी कामाला येतील." विटकरी बुटांचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. भाऊजींनी मार्ग बदलून मागितला आणि त्यांना मिळाला. आता ते शहराबाहेरच्या बाजूला जातात, कारखान्यांच्या वस्तीकडे. म्हणतात, तिकडे रस्ता मोकळा असतो.

रविवारी ते माझ्याकडे जेवायला येतात. पूर्वी मी त्यांच्याकडे जायचे, आता ते माझ्याकडे. आम्ही फार बोलत नाही. नळ गळत असेल तर ते दुरुस्त करतात, मी त्यांच्या शर्टाची बटणं लावते. ताईचा विषय येतो, पण नेहमी जुन्या दिवसांचा. पुतळ्याचा हात, गळ्यातली पाटी, अशा हसण्यासारख्या गोष्टी. त्या वर्षाबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

गेल्या रविवारी जेवण झालं. मी ताटं उचलत होते. ते तसेच बसून राहिले. म्हणाले, "धाकटे, त्या दिवशी दुकानात तू माझी बाजू का घेतलीस?"

मी ताटं परत खाली ठेवली. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा प्रश्न ते स्वतःलाच विचारत असतील. मला विचारतील असं वाटलं नव्हतं. रागानं विचारलेलं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, मिळालं तर.

"तुम्ही पुलाचं सांगितलंत," मी म्हणाले. "आणि मला ती पडायला नको होती."

"हो," ते म्हणाले. "मलाही नको होती."

मग ते उठले, त्यांनी स्वतःचं ताट सिंकमध्ये नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी मी नाही येणार बहुतेक. जादा ड्यूटी आहे."

मी विचारलं, "आणि त्याच्या पुढच्या?"

"बघू," ते म्हणाले. दारात थोडे थांबले, खांद्यावरची पिशवी नीट केली आणि जिना उतरून गेले. मी खिडकीतून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहिले.